दुखऱ्या हाताची हजेरी

ज्या स्थानकाला जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत आणि जुने उतारू अद्यापही तसेच म्हणतात, त्या प्रभादेवी स्थानकातून सकाळी नऊच्या सुमारास सेनापती बापट मार्गाकडे लोटणारा समुदाय पाहिला, तर त्यातील कोणाचे हात कोणते काम करतात हे ओळखण्याची काहीएक सोय आता राहिलेली नाही. गिरण्या चालू होत्या त्या काळी ती होती. केसांत कापसाचे तंतू घेऊन चालणारा सूतखात्यातला आणि नखांत वंगण राहिलेला फिटर हे लांबूनच कळत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप विधिवत् मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि ज्युपिटर व एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जमिनी २००५ साली लिलावात निघून तेथे काचेचे मनोरे उभे राहिले. या मनोऱ्यांत दिवसभर जे चालते त्याला आपण बैठे काम म्हणतो, बुद्धीचे काम म्हणतो; परंतु ते काम अखेरीस दहा बोटे, दोन मनगटे आणि एक खांदा यांच्याच बळावर तडीस जाते, हे त्यांपैकी एखादा अवयव संपावर जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

गिरणीतल्या हाताची किंमत सरकारने निदान ठरवून तरी दिली होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जी परिशिष्टे जोडलेली होती, त्यांतील पहिल्यात कोणता अवयव गेला असता मनुष्याची कमावण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली असे समजावे, याचा जाबताच दिलेला होता: अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी समूळ गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, करंगळी गेली तर ७. परळ-लालबागच्या युनियन कचेऱ्यांत ज्यांनी हयात घालविली, त्यांना हे आकडे पाढ्यांसारखे मुखोद्गत असत. कोष्टक रुक्ष आहे, किंबहुना निर्दय आहे. पण त्याच्यापुढे उभे राहणाऱ्या माणसाला आपल्या हानीचा पुरावा शोधीत हिंडावे लागत नसे, कारण बोट जागेवर नाही हे साहेबालाही दिसे. उलट जो हात जागच्या जागी आहे, ज्याला सूज नाही, क्ष-किरणांच्या चित्रात जो निर्दोष दिसतो आणि तरीही ज्याला चहाचा कप धड उचलवत नाही, त्याच्यासाठी या जाबत्यात रकाना नाही. तशा एका हाताचा मी धनी आहे.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आणि संपादनाचा. ऐन उमेदीत तो लांबट गॅलीप्रुफांवर पेन्सिलीने केला; पुढे कागद गेला, पडदा आला, आणि जी खूण करावयास हात कागदावर मोकळा फिरत असे, तीच खूण करण्यासाठी तो एका मूठभर यंत्राला चिकटून दिवसाचे आठ-नऊ तास एकाच अवस्थेत राहू लागला. प्रारंभी कोपराच्या बाहेरच्या बाजूस नुसती ठसठस असे व रविवारी ती विसरून जाई. नंतर ती रविवारी विसरेनाशी झाली, मनगटाकडे उतरली, खांद्याकडे चढली, आणि एके सकाळी दाराची कडी सरकविताना डावा हात आपसूक पुढे आला, तेव्हा घरच्या मंडळींनी ओळखले की हे प्रकरण बामाच्या बाटलीने आटोपण्यातले नव्हे.

वैद्यांची मते वैद्यांगणिक निराळी पडली, आणि त्यात त्यांचा दोष आहे असेही मला वाटत नाही, कारण हाताच्या वेदनेची उगमस्थाने खरोखरच अनेक आहेत. मनगटाच्या तळाशी हाडांचा व एका जाड स्नायुबंधाचा मिळून जो अरुंद बोगदा झालेला असतो, त्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू अशी दाटीवाटीने वाहतूक चालते. कंडरांना सूज आली की त्या मज्जातंतूची कोंडी होऊन अंगठ्याकडची बोटे बधिर होतात. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची मुळे रोवलेली असतात, आणि माउस धरताना मनगट अष्टौप्रहर किंचित् वर उचललेलेच असते. मानेच्या मणक्यांतून निघणारा मज्जातंतू दाबला गेला तरी दुखते ते हातच. कोणी मान तपासली, कोणी कोपर, कोणी मज्जातंतूंचा विद्युत्प्रवाह मोजून घेतला. अहवालांची फाईल फुगली आणि प्रत्येक अहवालाच्या अखेरीस ‘नॉर्मल’ हाच शब्द कायम राहिला. कचेरीत त्या शब्दाचा अर्थ काय लावला जातो, हे नोकरी केलेल्या वाचकास सांगावयास नकोच.

हे दुखणे संगणकाने जन्मास घातले असा एक समज आहे, तो इतिहासाला धरून नाही. बेर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या व्याधींवर १७०० साली एक ग्रंथ लिहिला, आणि १७१३ च्या आवृत्तीत त्यास जी पुरवणी जोडली तीत लेखनिक व कारकून यांच्यावर एक प्रकरण घातले. त्याने तीन कारणे दिली: सदैव बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि लिहिण्यात वा हिशेबात चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. यांतील तिसरे कारण वाचून मी त्या वैद्याला मनोमन नमस्कार केला, कारण तीनशे वर्षांनंतरही पुष्कळांना ते सुचत नाही. त्याच प्रकरणात त्याने आपल्या परिचयाच्या एका दस्तऐवज लिहिणाराची हकीकत दिली आहे: त्याचा उजवा हात निकामी झाला, त्याने हट्टाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, आणि काही काळाने डाव्यालाही तीच व्याधी जडली. माउस डावीकडे घेऊन निश्चिंत होणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानात ठेवावी अशी आहे.

पुढे १८३३ साली सर चार्ल्स बेल यांनी लिहिणाराच्या हाताला येणाऱ्या पेटक्याचे वर्णन केले. तारखात्यातील नोकरांच्या हाताचा पेटका तर इंग्लंडात १९०८ साली भरपाईस पात्र अशा व्याधींच्या यादीत दाखल झाला. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांत या दुखण्याची जणू साथच आली, हजारो दावे दाखल झाले, आणि दुखणे हातात आहे की मनात या वादात तिकडचे वैद्य व वकील वर्षानुवर्षे गुंतून पडले. आपल्याकडे साथही आली नाही आणि वादही झाला नाही. आपल्या कारकुनांचे हात कधी दुखलेच नाहीत असा याचा अर्थ मी घेत नाही. हात दुखतो ही गोष्ट तक्रारीच्या योग्यतेची आहे असे त्यांना वाटले नाही, एवढाच घेतो. पेशव्यांच्या दफ्तरात बोरूने मोडीचे बंदच्या बंद रंगविणाऱ्या कारकुनांनीही मनगटे शेकली असतीलच. दफ्तरात त्याची नोंद कोण कशाला करील?

टंकलेखनयंत्राविषयी मात्र एक चांगला शब्द लिहून ठेवला पाहिजे. १९५५ साली गोदरेजने स्वदेशी यंत्र बाजारात आणल्यानंतर सरकारी कचेऱ्यांत त्याचा खडखडाट घुमू लागला, आणि त्याच्या कळा दाबावयास संगणकाच्या कळांपेक्षा कितीतरी अधिक जोर लागे. तरी त्या यंत्रात सक्तीची विश्रांती अंगभूतच होती. ओळ संपली की गाडा ढकला, पान संपले की कागद बदला, कार्बन लावा, चूक झाली की खोडरबर शोधा. या प्रत्येक खोळंब्यात हाताची अवस्था पालटत असे. संगणकाने हे सारे खोळंबे काढून टाकले व त्यालाच आपण कार्यक्षमता असे नाव दिले.

वैद्यांनी विश्रांती सांगितली, मी अर्ज केला, रजा मंजूर झाली. हाताला पट्टा बांधून घरी बसलो, आणि अनेकांच्या अनुभवास आले आहे तेच माझ्याही आले: पहिले काही दिवस बरे वाटले, मग हात आखडला, आणि पट्टा सोडून कळफलकासमोर बसताच पाव तासात मूळपदावर आला. ताज्या इजेला विश्रांती उपकारक असते; जुन्या दुखण्याला ती तितकीशी मानवत नाही, कारण स्नायू व कंडरा वापराविना दुबळ्या होतात आणि मग पूर्वी सहज पेलणारा भारही त्यांना अति होतो. शिवाय खुद्द वेदनेविषयीची शास्त्रीय कल्पनाही गेल्या साठ वर्षांत पालटली आहे. मेलझॅक व वॉल या दोघांनी १९६५ साली असे प्रतिपादिले की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात त्याला दरवाजा लागतो, आणि तो किती उघडावा हे दुसऱ्या संवेदना व मेंदूकडून येणारे हुकूम ठरवितात. पुढील संशोधनाने दाखविले की दीर्घकाळ दुखत राहिलेल्या माणसाची मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. चाळीत एकदा चोरी झाल्यानंतर मांजर हलले तरी सारी चाळ जागी करणारा रखवालदार जसा, तशी तिची गत होते. रखवालदार खोटे बोलत नाही आणि चोरही आलेला नसतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत आता स्वतंत्र स्थान मिळाले असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. ‘नॉर्मल’ अहवालांची फाईल बगलेत मारून हिंडणाऱ्याला या बातमीने किती हायसे वाटले, हे निरोगी माणसास समजावयाचे नाही.

दादर-प्रभादेवी भागात कोपराच्या दुखण्याचा विषय काढावा आणि सचिन तेंडुलकरचे नाव निघू नये, हे अशक्य. २००४ साली त्याच्या डाव्या कोपराने असहकार पुकारला तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरील प्रत्येक निवृत्त गृहस्थ अस्थिरोगतज्ज्ञ झाला होता, आणि ‘टेनिस एल्बो’ हे शब्द मराठी घराघरांत पोचले. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली; त्यानंतर आपल्या लहानग्या मुलाची प्लॅस्टिकची बॅट धरणेही जड गेले, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. २५ ऑक्टोबर २००५ रोजी नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा काढून गेला. मला ही हकीकत धीर देणारी वाटते ती त्या धावांमुळे नव्हे, तर प्लॅस्टिकच्या बॅटीमुळे. जगातील अव्वल फलंदाजालाही बॅट हातात धरण्यापासून पुन्हा आरंभ करावा लागला, आणि तो करण्यास त्याला उसंत मिळाली. कचेरीतला कारकून मात्र सोमवारी सकाळी पुरत्या वजनाची बॅट घेऊन थेट सामन्यातच उतरावा, अशी अपेक्षा असते.

या अपेक्षेवरचा तोडगा प्रभादेवीपासून हाकेच्या अंतरावर, परळला, सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता, हे मला फार उशिरा समजले. एलिझाबेथ लंडी नावाची एक अमेरिकन क्वेकर स्त्री विष्णू निंबकरांशी विवाह करून १९३० साली हिंदुस्थानात आली आणि कमलाबाई निंबकर झाली. (मराठी वाचकाला हे घराणे अन्य वाटेनेही ठाऊक असते: कमलाबाईंचे चिरंजीव फलटणचे कृषिशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर, आणि स्नुषा जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या.) वयाची चाळिशी उलटून गेल्यावर कमलाबाई व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस परत गेल्या, आणि १९५० साली त्यांनी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची शाळा काढली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. १९५२ साली या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक देशांत हिंदुस्थानचे नाव होते, त्याच्या मुळाशी हीच बाई. पुढे १९५५ पासून हाजीअलीजवळ अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेचेही काम सुरू झाले, आणि गिरणगावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताच्या दुखण्यावरची विद्या अशी हाताशी येऊन राहिली.

त्या विद्येचे सूत्र एवढेच की काम हे बरे झाल्यानंतर मिळणारे बक्षीस नसून बरे होण्याचे साधन आहे, मात्र त्याची मात्रा औषधासारखी मोजून दिली पाहिजे. त्या काळी जगभरच्या व्यवसायोपचार विभागांत हातमाग हे नित्याचे साधन असे. धोटा किती वेळा फेकावयाचा आणि बैठक किती उंच ठेवावयाची हे रुग्णाच्या सांध्याला पाहून ठरविले जाई. ज्या वस्तीत माग माणसाचा हात खात होता त्याच वस्तीत माग माणसाला त्याचा हात परत देऊ पाहत होता, आणि या दोहोंत भेद यंत्राचा थोडा व मोजमापाचा फार होता.

माझ्या वाट्याला जी उपचारतज्ज्ञ आली ती माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने फाईल बाजूस सारून मला विचारले, “काका, तुम्ही दिवसभर नक्की करता काय, ते करून दाखवा.” इतक्या वैद्यांपैकी कोणीच हे विचारले नव्हते. मी खुर्चीत बसून हवेत कळफलक बडविला, हवेत माउस फिरविला, ती कोपराखाली बोट धरून पाहत राहिली आणि म्हणाली, “दुखतंय म्हणून थांबायचं नाही, आणि दुखेपर्यंत करायचंही नाही. घड्याळ लावा. घड्याळ वाजलं की उठायचं, हात छान असला तरी.” यातील अवघड भाग शेवटचा. हात दुखत असताना थांबणे कोणालाही जमते. तो सुरळीत चालला असता, परिच्छेद रंगात आला असता, केवळ घड्याळ वाजले म्हणून उठणे हे मोठ्या निग्रहाचे काम आहे, आणि माझा बहुतेक बिघाड चांगल्या दिवशी उत्साहाच्या भरात झालेला आहे असे मी पुढे ठेवलेल्या नोंदवहीने दाखवून दिले.

सिद्धिविनायकाच्या शेजारी राहणाऱ्याला या संदर्भात एक कथा आठवल्यावाचून राहत नाही. महाभारताचा लेखनिक होण्यास गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून लिहू नये. मग जेथे विसावा हवा तेथे व्यास एखादा कूटश्लोक घालीत, लेखनिक क्षणभर अडे, आणि तेवढ्या अवधीत पुढील श्लोक जुळत. अशा श्लोकांची संख्या परंपरेने ८,८०० सांगितली आहे. भाविकांना यात व्यासांचे चातुर्य दिसते. मला आता लेखनिकाच्या मनगटाची सोय दिसते.

रुजू होताना पहिला बदल केला तो क्षुल्लक दिसेल, पण फलदायी तोच ठरला. नेहमीच्या कळफलकाच्या उजव्या अंगाला आकड्यांचा जो स्वतंत्र पट्टा असतो, त्यामुळे माउस वीतभर बाहेर ढकलला जातो आणि खांदा दिवसभर फाकलेल्या स्थितीत राहतो. मराठी मजकुराचे संपादन करणाराला त्या पट्ट्याचा उपयोग शून्य. तो नसलेला आखूड कळफलक घेतला, माउस अंगाजवळ आला, आणि खांद्याची तक्रार निम्म्याने उतरली. दुसरे असे की रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची सवय सोडून इन्स्क्रिप्टकडे वळलो. या रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्याकडे असल्याने भार आपोआप वाटला जातो. ‘प्रभादेवी’ हा शब्द शिफ्ट सोडून नऊ कळांत उतरतो आणि त्यांतील चारच उजव्या हाताच्या वाट्यास येतात. ख-घ-थ-ध अशी महाप्राण अक्षरे मात्र शिफ्टची कळ दाबून धरल्यावाचून निघत नाहीत, आणि मराठी ही महाप्राणांची उधळपट्टी करणारी भाषा आहे हे मला प्रथमच कळले. संगणकात ‘स्टिकी कीज’ नावाची सोय असते, तिने शिफ्ट दाबून धरावी लागत नाही, एकदा टिचकी दिली की पुरते. ती वर्षानुवर्षे प्रत्येक यंत्रात पडून आहे आणि कोणी कोणास सांगत नाही.

तिसरा उपाय आवाजाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी बोलणे अक्षरांत उतरविण्याची सोय केली तेव्हा मी तिच्याकडे गंमत म्हणून पाहिले होते. हात गेल्यावर तिच्या दारी गेलो. साध्या पत्रव्यवहारास ती उत्तम आहे. विरामचिन्हांच्या बाबतीत ती उदार, ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत निःपक्षपाती, आणि विशेषनामांच्या बाबतीत केवळ स्वतंत्र प्रज्ञेची आहे, त्यामुळे मुद्रितशोधकाचे वाचलेले श्रम ती दुसऱ्या खिडकीतून वसूल करते. शिवाय घरी जे शोभते ते कचेरीत शोभत नाही. ज्या लेखकाच्या मजकुरावर मी शेरा सांगत होतो तो लेखक पलीकडच्या टेबलाशी चहा पीत बसला असल्याचे एकदा निदर्शनास आले, तेव्हापासून शेरे पुन्हा हातानेच लिहितो.

हात अशा रीतीने मार्गी लागला. कचेरी लागण्यास अधिक वेळ लागला. तिचे नाव मी येथे देत नाही, आणि तेथील मंडळी दुष्ट आहेत असेही माझे म्हणणे नाही. रजेनंतर कामावर घेण्यासाठी जो वैद्यकीय दाखला लागतो त्यात फक्त दोनच गोष्टी लिहिता येतात: मनुष्य कामास योग्य आहे किंवा अयोग्य आहे. निम्मा वेळ टंकन, निम्मा वेळ वाचन, आणि दर थोड्या वेळाने उठण्याची मुभा, एवढे मिळाल्यास पूर्ण काम करील असा जो तिसरा मनुष्य, त्याचा दाखला लिहावयास छापील फॉर्मात जागा नसते; तो डॉक्टरने समासात लिहिला आणि समासातला मजकूर कोणी वाचला नाही.

कायदा या बाबतीत कचेरीच्या पुढे गेला आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग हक्क अधिनियमात, मालकावर अवाजवी बोजा न पडता कामाच्या रीतीत जे फेरफार करणे आवश्यक व उचित असेल, त्यांची तरतूद आहे. प्रश्न असा होता की ज्यांचे वैगुण्य ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रात बसत नाही त्यांनी कोठे जावे. लिहिताना हाताला पेटके येण्याची व्याधी असलेल्या एका उमेदवाराला संघ लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. त्याच्या अपिलावर ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लेखनिकासारखी सोय केवळ ४० टक्केवाल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्याने माझ्या कचेरीतील प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण परीक्षेचा लेखनिक निराळा आणि खासगी नोकरीतील खुर्ची निराळी. परंतु टक्केवारीच्या जाबत्यापलीकडेही दुखणारा हात असू शकतो, एवढे देशाच्या श्रेष्ठ न्यायासनाने मान्य केले. १९२३ च्या परिशिष्टापासून येथवर यावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

निकालपत्राची प्रत मी अर्जास जोडली नाही. साहेबांसमोर कायदा ठेवला की साहेब वकिलाकडे जातात, आणि मला खुर्ची हवी होती. मी नोंदवही ठेवली: घड्याळ लावून केलेल्या दिवसांत किती पाने तपासून झाली आणि सलग बसून केलेल्या दिवसांत किती. आठवड्याची बेरीज केली असता घड्याळाच्या दिवसांची पाने अधिक भरली, कारण सलग बसण्याच्या दिवसानंतरचे दोन दिवस वाया जात. ती वही साहेबांनी दोनदा उलटसुलट पाहिली, आणि खुर्ची, पायाखालचा पाट व उठण्याची मुभा ही तिन्ही मंजूर झाली. दुखणे आहेच. पावसाळ्यात ते अधिक असते असे मला वाटते, उपचारतज्ज्ञास वाटत नाही.

दरम्यान हिशेबखात्यातील एका बाईंनी जेवणाच्या सुटीत माझ्या आखूड कळफलकाची किंमत विचारली, मागाहून जुळारी खात्यातील दोघांनी विचारली, आणि आपण चौघांनी मिळूनच दरखास्त द्यावी असे ठरून ती रीतसर बारनिशीत नोंदवून वर गेली. परवा ती परत आली. समासात साहेबांच्या हस्ताक्षरात शेरा आहे: ‘चर्चा करावी.’

शेरा डाव्या हाताने लिहिलेला दिसतो.